कॅम्परची वाटणी

कॅम्परचा खोका कुलूपकाकांनी रविवारी दुपारी आणला. समोरच्या फुटपाथवरच त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. एरवी ते रस्ता ओलांडून उड्या मारत येतात. आज मात्र खोका दोन्ही हातांवर आडवा धरून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नजरेनेच दम भरत, पाऊल मोजून टाकत आले.

"आला!" दारातूनच ओरडले. "शिलाई बंद! कात्र्या उचला, टेबल पुसा!"

वहिनीने मशीन थांबवलं. कुणाची तरी पँट आखूड करायची होती, ती सुईखाली तशीच लटकत राहिली. खिडकीपाशी कोटाला बटणं लावत बसलेल्या वन्संनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "खोका दाबला नाहीत ना? मागच्या वेळी बाहुल्यांचं न्हाणीघर तुम्ही चेपून आणलं होतंत."

"ते दुकानातच चेपलेलं होतं."

"हो ना. आणि मी काल जन्मले."

आता ही मंडळी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. दुकान वहिनीचं. कपडे आखूड करणं, उसवलेलं शिवणं, चेन बदलणं, पडदे, कोटांची अस्तरं, असली सगळी कामं. वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. स्वतःच्या नवऱ्याशी पटेना म्हणून वन्सं शाळकरी मुलीला घेऊन भावाकडे आल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली. पुढे तो भाऊ गेला, मुलगी लग्न होऊन गेली, आणि घरात उरल्या या दोघी. वहिनीला मूलबाळ नाही. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे एक काचेचं कपाट, आणि दिवसभर तोंडाला तोंड.

त्या कपाटात खेळणी आहेत. हसू नका. बोटाएवढ्या खुर्च्या, नखाएवढ्या बशा, आगपेटीत मावतील असे पलंग. वन्संच्या मुलीला लहानपणी बाहुलीच्या स्वयंपाकघराचा एक संच आणला होता. मुलगी दोन दिवसांत कंटाळली. आई आणि मामी मात्र कंटाळल्याच नाहीत, त्या अजून खेळतायत. कपाटाचा उजवा कप्पा वहिनीचा, डावा वन्संचा, मधली फळी सामाईक.

आणि वाटणीचा जो नियम आहे तो जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला कळवा.

झालं असं होतं, की वहिनी लग्न होऊन आली ती डोंगरापलीकडून, दोन गाड्या बदलून. तिकडे निम्म्या वस्तूंना नावं वेगळी. त्या पहिल्या संचातली एक चिमुकली वस्तू तिने उचलली आणि कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, केवढासा हा सराटा!"

"सराटा?" वन्सं म्हणाल्या. "सराटा पायात रुततो, वहिनी. हे उलथनं आहे."

"आमच्याकडे याला सराटाच म्हणतात."

"मग तुमच्याकडे रानात अनवाणी चालताना काय पायात मोडतं? उलथनं?"

दोघी इतका वेळ भांडल्या की आतल्या खोलीत दुपारची झोप घ्यायला पडलेला भाऊ उठून बाहेर आला. त्याने निकाल दिला तो असा: वस्तू ज्या नावाने ठरेल, ते नाव जिचं, तिची ती वस्तू. "आणि आता मला झोपू द्या," असं म्हणून तो परत गेला. बिचाऱ्याला काय ठाऊक, की या एका वाक्यावर घरातल्या बायका पुढची वीस वर्षं काढणार आहेत.

भावाच्या मागे पंच म्हणून कुलूपकाका आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई नेमल्या गेल्या. दोघांनाही खेळण्यांचं वेड. काका गाड्या जमवतात आणि डॉक्टरीणबाई प्राणी. तेव्हा पंचांचं मानधनही ठरलं: संचात चाक असेल ते काकांचं, शेपूट असेल ते डॉक्टरीणबाईंचं. माणसांची वाटणी करायची नाही, ती मधल्या फळीवर. बाकी प्रत्येक वस्तू वर धरायची, दोघींनी आपापलं नाव सांगायचं, पंचांनी हात वर करून मत द्यायचं. मतं फुटली तर मधली फळी. आणि एकीने दुसरीचंच नाव घेतलं तर मत घ्यायचं कारणच नाही, वस्तू सरळ दुसरीची. हे शेवटचं कलम नुसतं म्हणण्यापुरतं होतं. असं कधी घडलं नव्हतं आणि घडेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. दोघीही पडलं तरी नाक वर, या जातीच्या.

काय काय वाद झालेत त्या टेबलावर! पातेलं आलं, वहिनी म्हणाली गंज. "गंज लोखंडाला लागतो," वन्सं म्हणाल्या, "आणि काही लोकांच्या डोक्याला." काड्यांची चिमुकली पेटी आली. वन्संची काडेपेटी, वहिनीची आगपेटी. वहिनीने पंचांपुढे अर्धा तास बाजू मांडली, की माणूस पेटी विकत घेतो तो आगीसाठी घेतो, नुसत्या काड्या हव्या असतील तर झाडाच्या तोडाव्यात. ती पेटी तिने जिंकली. एकदा डॉक्टरीणबाई उलथन्याला हळूच "आमच्याकडे कालथा म्हणतात" असं बोलून गेल्या, तर दोघी एकदम त्यांच्यावर धावल्या. पंचांनी पंचांसारखं राहावं, आपले कालथे मधे घुसवू नयेत.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. मग वहिनीने काजाचं मशीन आणलं.

वन्संच्या हाताची काजं म्हणजे बघत राहावं अशी. कोट शिवणारे दुसरे दुकानदारसुद्धा खास काजं करायला कोट पाठवायचे. पण गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि संध्याकाळ झाली की वन्सं डोळे चोळत बसायच्या. वहिनीला ते बघवेना. तिने गुपचूप चौकशी केली, मशीन आणलं, टेबलावर ठेवलं, आणि एवढंच म्हणाली, "काम भराभर होईल."

वन्सं म्हणाल्या, "बरं झालं."

का आणलं ते वहिनीने सांगितलं नाही. त्यात काय सांगायचं, असं तिला वाटलं. वीस वर्षांत दोघींनी उलथन्यावर तासन्‌तास भाषणं केली होती, पण तुमच्या डोळ्यांची मला काळजी वाटते, एवढं एक वाक्य काही जिभेवर येईना. असतात अशी माणसं. घरोघरी असतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाचीचा फोन आला. नवं घर घेतलंय, एक खोली जास्तीची आहे, आईने आता इथेच राहायला यावं. वन्सं फोनवर म्हणाल्या, "येते की. इथे तरी आता माझं काय काम?" वहिनी त्या वेळी पडदा कापत होती. कात्री घसरली. वन्संनी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "लेक बोलावते तर जावं माणसानं. सुखी राहाल."

आणि मग रात्री उशीत तोंड खुपसून रडली, पण ते कोण बघणार? येत्या शनिवारी भाचेजावई गाडी घेऊन न्यायला येणार होते. कॅम्परचा संच म्हणजे दोघींची शेवटची वाटणी होती, आणि कुलूपकाका जरा जास्तच आनंदाचं नाटक करत होते ते त्यामुळेच.

"बोलवा डॉक्टरीणबाईंना," वहिनी म्हणाली. तिच्या डोक्यात सकाळपासून एकच होतं. आज कडाडून भांडायचं. एकही वस्तू सोडायची नाही. भांडण नीट रंगलं म्हणजे सगळं नेहमीसारखं वाटेल.

डॉक्टरीणबाई जिन्यावरून धावतच आल्या. काकांनी किल्लीच्या टोकाने खोक्याची चिकटपट्टी कापली आणि कॅम्पर बाहेर काढला, परदेशात लोक सहलीला नेतात आणि आतच मुक्काम करतात तसला. साय असते तशा रंगाचा, खाली हिरवा पट्टा. छप्पर उचललं की आत सगळं घर: दोन मजली झोपायची जागा, एवढुशी शेगडी, घडीचं टेबल, खिडक्यांना खरे कापडी पडदे. वहिनीने पडदा आधी बोटाने चाचपला आणि म्हणाली, "कडेला टीप नाही घातली. नुसता चिकटवलाय. चोर लेकाचे."

"याला म्हणायचं काय पण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गाडी," काका तत्काळ म्हणाले. "चार चाकं आहेत. चाक असेल ते माझं."

"शेगडी असलेली गाडी असते का?" वहिनीने विचारलं. "हे घर आहे. गाडीघर."

"आधी गाडी की आधी घर?" काका म्हणाले. "पुढे जे येतं ते महत्त्वाचं. तुम्हीच गाडी आधी म्हणताय."

"घराला चाकं लावली म्हणून ते गाडी होतं का? उद्या मी तुम्हाला चाकं लावीन!"

डॉक्टरीणबाईंच्या गावाकडे अशा गाडीतून डोंबारी यायचे आणि तिला छकडा म्हणायचे. मग काका म्हणाले, छकड्याला बैल लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बैल असता तर तो माझा झाला असता. असं बराच वेळ चाललं. नेहमी अशा वेळी वन्सं चेंडू हवेतच टिपायच्या. आज त्या नुसत्या हसत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "ठेवा मधल्या फळीवर. घर कुणाचं आणि गाडी कुणाची, सगळ्यांनी बघावी." काकांनी कुरकुरत हो म्हटलं. एका तपकिरी कुत्र्याला शेपूट होतं, त्याला डॉक्टरीणबाईंनी आधीच ॲप्रनच्या खिशात टाकलं होतं.

"चला," काका म्हणाले, "वाटणी सुरू." आणि त्यांनी कॅम्परच्या मागे लावायची चिमुकली शिडी दोन बोटांत वर धरली.

वहिनी सरसावून बसली. "निसण!"

सगळे वन्संकडे वळले. वन्सं कोटाच्या बटणाला दोऱ्याचा वेढा देत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "निसण."

काका हसले. "काय वन्संबाई, आज थट्टेच्या रंगात."

"थट्टा कसली? निसणच आहे. द्या वहिनीला."

काकांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंनी काकांकडे. शिडी वहिनीच्या बाजूला गेली. वहिनीला आधी मजा वाटली. ही वन्संची काहीतरी चाल असणार, तिने मनात म्हटलं. आधी ढील द्यायची आणि मग गळा धरायचा. येऊ दे.

दुसरी वस्तू निघाली: उघड्यावर झोपायला बाहेर टाकायची चार पायांची खाट, मधे खऱ्या दोरीचं विणकाम. इतकी सुबक, की डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "अय्या" निघून गेलं. वन्सं पलंग, खाटा, बिछाने यांवर जीव टाकायच्या. त्यांच्या कप्प्यात त्याच जास्त होत्या. ही खाट त्या प्राण गेला तरी सोडणार नाहीत हे वहिनीला माहीत होतं. म्हणून तिने मुद्दाम ठासून म्हटलं, "बाज! आणि ज्याला पटत नसेल त्याने बाजेवर झोपून बघावं."

वन्संनी खाटेकडे एकदा पाहिलं. हात पुढे करून दोरीवरून बोट फिरवलं. मग हात मागे घेतला.

"बाज," त्या म्हणाल्या. "छान आहे गं. तुझ्या त्या हिरव्या पलंगाशेजारी शोभेल."

आता काका हसले नाहीत. वहिनीने वन्संच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे चाल नव्हती, डाव नव्हता. पाहुणी बाई घरातून निघताना सगळ्यांशी गोड बोलते, तसं काहीतरी होतं.

काड्यांची पेटी निघाली. वहिनी म्हणालीच नाही काही. थांबून राहिली. आता बोला तुम्ही, तिने मनातल्या मनात म्हटलं, काडेपेटी म्हणा, माझ्या डोक्याला गंज लागलाय म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

"आगपेटी," वन्सं म्हणाल्या. "माणूस घेतो ती आगीसाठीच. पटलं मला ते."

चौथी वस्तू काढताना काकांची बोटं अडखळली. प्लास्टिकच्या पिशवीच्या तळाशी होती, शेगडीबरोबर. त्यांनी ती वर धरली आणि धरल्यावर त्यांना कळलं की आपण काय वर धरलंय. नखाएवढं उलथनं. काकांना ते परत पिशवीत टाकावंसं वाटलं असणार, पण आता सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

वन्सं सुईत दोरा ओवत होत्या. नेढं सापडत नव्हतं. दोनदा हुकलं. मान खाली ठेवूनच त्या म्हणाल्या, "सराटा."

वहिनीने टेबलावर अशी थाप मारली की तिथल्या चहाच्या किटलीचं झाकण उडून मशीनखाली गेलं.

"खबरदार!" ती ओरडली. "खबरदार पुन्हा सराटा म्हणालात तर! तो माझा आहे. माझ्या आईच्या घरचा आहे. तुम्ही कोण तो म्हणणाऱ्या?"

"अगं, तुलाच देतेय ना—"

"मागितलाय कुणी? मी पदरात टाका म्हणून तुमच्यापुढे उभी राहिलेय? वीस वर्षं उलथनं, उलथनं म्हणून माझा जीव खाल्लात, आणि आज मला मेलीला दान करताय?"

"वहिनी, नीट ऐक." वन्संनी सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. "शनिवारी मी चाललेच. लेकीच्या घरी एवढंसं कपाट तरी मिळेल का ठाऊक नाही. हे सगळं तुझ्याचकडे राहणार. मग आज कशाला वाद घालायचा? जाताना तुझं मन दुखवून जायचं का?"

"दुखवा! मला चालेल!"

डॉक्टरीणबाई झाकण शोधायला म्हणून मशीनखाली शिरल्या. काकांनी कॅम्पर उलटा केला आणि आयुष्यात चाक पाहिलं नसल्यासारखे चाकाकडे बघत बसले.

वन्सं बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "हे बघ, मी काही रागावून जात नाहीये. माझी काजं वाकडी व्हायला लागली होती. तुझ्या लक्षात आलं, पण तू कधी तोंडावर बोलली नाहीस. मशीन आणून ठेवलंस. चांगुलपणा झाला तो तुझा. मीही समजून घेतलं. काम करत होते तोवर राहिले. नुसतं बसून भावजयीच्या घरात खायचं, हे मला नाही जमणार."

वहिनी बघतच राहिली. तिने मशीनचा कोपरा धरला.

"काय समजलात?" ती म्हणाली. "काय डोंबल समजलात तुम्ही? अहो, काजं वाकडी कुठे होती? डोळे तुमचे दुखत होते! रोज संध्याकाळी डोळे चोळत बसायचात आणि वर मला म्हणायचात, धूळ फार झालीय. मी आंधळी आहे का? डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम नको म्हटलं होतं, आणि तुम्ही एक दिवस ऐकलं नाहीत. म्हणून आणलं ते मशीन. म्हटलं, काजं ते करेल. वन्सं बटणं लावतील, गिऱ्हाइकांशी बोलतील, माझ्याशी भांडतील."

"मग तसं म्हणायचं नाही का?"

"भराभर होईल म्हटलं की!"

"त्यात माझे डोळे कुठे आले गं?"

वहिनी एवढी पासष्ट वर्षांची बाई, पण लहान पोरीसारखी हुंदके देत उभी राहिली आणि मनगटाने नाक पुसायला लागली.

"येत नाही मला तसं बोलता," ती म्हणाली. "नाही येत. तुम्हाला येतं का? तुम्ही तरी विचारलंत का कधी, मशीन का आणलंस म्हणून? बरं झालं म्हणालात! आणि भाचीला सांगितलंत, इथे माझं काय काम. ते ऐकून मी पडदा वाकडा कापला. अख्खा पडदा गेला माझा. कामाला ठेवलं होतं का मी तुम्हाला? माझं दुसरं कोण आहे हो? सकाळी उठून मी चूक कुणाची काढू? जाऊ नका, वन्सं. मला नाही एकटीला राहायचं. जाऊ नका."

बोलून झालं आणि ती मटकन स्टुलावर बसली. तोंड दोन्ही हातांत लपवलं. मशीनखाली डॉक्टरीणबाईंना झाकण केव्हाच सापडलं होतं. पण त्या तिथेच थांबल्या, आणि रडत होत्या असा काकांचा पुढे कायम दावा होता.

वन्संनी चष्मा काढला. कोटाच्या अस्तराला पुसला. ते गिऱ्हाइकाचं आहे हे लक्षात आल्यावर आपल्या बाहीला पुसला. परत घातला. मग काढला. वहिनीच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून त्यांनी हात उचलला, पण सवय नव्हती, त्यामुळे तो मशीनवर ठेवला.

"लेकीला काय सांगू?" त्यांनी विचारलं. "तिने खोली रंगवून घेतलीय."

"जा ना आठ दिवस," हातांआडून वहिनीचा आवाज आला. "कायमच्या नाही, पाहुण्यासारख्या जा. गरमागरम खा, खोलीचं कौतुक करा. आणि मग या परत. मी सांगते तिला. मामीचं ऐकेल ती."

"आणि कामाचं काय?"

"बटणं काय मी लावू? तुम्हाला माहितीय मला बटणाचा किती कंटाळा आहे."

"माहितीय. लावतेस तेव्हा दुसऱ्या दिवशी तुटून हातात येतात."

वहिनीने तोंडावरचे हात काढले. डोळे लाल, नाक लाल. वन्सं तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या टेबलाकडे बघत होत्या, वहिनीच्या बाजूला मांडून ठेवलेल्या ऐवजाकडे. बघता बघता त्यांच्या कपाळाला ओळखीची आठी पडली. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि टेबलावर दोन्ही कोपर टेकवले.

"काका," त्या म्हणाल्या, "ती शिडी घ्या परत."

काका दचकले. "अहो, एकदा नाव मान्य केलं की संपलं. नियम आहे तसा."

"नियम माझ्या भावाने केलाय, तो मला शिकवू नका. मी जाणार होते तेव्हा दिली. आता राहायचंच आहे, तर शिडी हिला फुकट का देऊ?"

"फुकट?" वहिनी उसळून उभी राहिली. गालांवर ओघळ तसेच होते आणि ते पुसायलाही तिला फुरसत नव्हती. "अहो, शिडी कुठेय इथे? निसण आहे ती! डॉक्टरीणबाई, बाहेर या आधी. मत द्यायचंय!"